बोकडाच्या खिम्याचा मीटलोफ: प्रकल्प नोंदी, सांगली

१ जानेवारी २०२५, बुधवार

हेतू: घरच्या साधनांवर मीटलोफ, म्हणजे खिम्याचा पावाच्या आकाराचा, काप करून खायचा लांबट लोफ, असा बसवायचा की सुरीखाली भुगा होणार नाही, ताटात पाणी सुटणार नाही आणि दुसऱ्या दिवशी गार कापही पावात घालून खाता येईल.

अडचण कृतीत नाही, खिम्यात आहे. परदेशी प्रमाणं बहुतेक २० टक्के चरबीच्या बीफ खिम्यावर बेतलेली असतात. अमेरिकेत बीफ, पोर्क आणि कोवळ्या वासराचं मांस एकत्र केलेला खिमा मीटलोफसाठी तयार मिळतो. त्यात पोर्ककडून चरबी येते, वासराच्या मांसातून जिलेटिन. आपल्याकडच्या बोकडाच्या मांडीत चरबी फारच कमी आणि तंतू चिवट. प्रमाण तेच ठेवून फक्त खिमा बदलला की वरून चांगला दिसणारा, आतून रेताड लोफ तयार होतो आणि टिनच्या तळाशी राखाडी पाणी साठतं. मांसातली प्रथिनं साधारण ५५ अंशांपासून आकसायला लागतात आणि ६५ च्या पुढे आतलं पाणी जोरात पिळून बाहेर टाकतात. ते पाणी धरायला मध्ये काही नसेल तर ते खाली जाणारच.

म्हणून काम असं धरलं: चरबी बाहेरून आणायची, पाणी पावाच्या पिठूळ भागात अडकवायचं, जिलेटिन पायांतून घ्यायचं आणि मग प्रत्येक साधनाची आच त्या मिश्रणाला कशी मानवते ते बघायचं.

साधनं: एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, सुईचा डिजिटल थर्मामीटर, २८ लिटरचा ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन), २० × १० × ७ सेंमीचा ब्रेड टिन, मोदकपात्र, जाड बुडाची कढई. थर्मामीटर आधी तपासावा. बर्फाच्या पाण्यात शून्य दिसलं पाहिजे आणि उकळत्या पाण्यात ९८. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे पाणी शंभरावर उकळत नाही. थर्मामीटरने १०० दाखवले तर तो दोन अंश चढा आहे असं समजून पुढचे सगळे आकडे वाचायचे.

३ जानेवारी, शुक्रवार

खिम्याची खरेदी. मांडी आणि खांदा निम्मे-निम्मे घेतले की चव आणि चिकटपणा दोन्ही जमतात. नुसती मांडी कोरडी पडते, नुसता खांदा शिरांनी भरलेला असतो. पांढरे पडदे आणि शिरा काढून घ्यायच्या, नाहीतर त्या मशीनच्या पात्याला गुंडाळल्या जातात आणि मांस कापलं न जाता चेचलं जातं. गुर्द्याची चरबी वेगळी मागून घ्यावी: अर्धा किलो मांसाला ६० ग्रॅम. मशीनमधून दोनदा काढायला सांगावं, दुसऱ्या वेळी चरबीसकट. बीफला एकदा पुरतं, बोकडाला पुरत नाही.

खिमा धुवायचा नाही. आपल्या बहुतेक घरांत खिमा चाळणीत धुऊन पिळून घेतात. रश्श्याच्या खिम्यात ते खपून जातं, लोफमध्ये नाही. ज्या प्रथिनांनी लोफ धरायचा तीच पाण्याबरोबर मोरीत जातात आणि बदल्यात दाण्यादाण्यांत नळाचं पाणी राहतं. धुवायचंच असेल तर मांसाचे मोठे तुकडे धुऊन, फडक्याने कोरडे करून मग मशीनला द्यावेत.

घरी मिक्सरवर खिमा करायचा असेल तर दोन सेंमीचे तुकडे कडा कडक होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास, फ्रीझरमध्ये ठेवावेत. भांडं निम्म्याहून कमी भरावं आणि पल्सवर थोडं थोडं फिरवावं. सलग फिरवलं तर पातं तापतं, चरबी वितळून मांसाला लेप बसतो आणि भाजताना ती सगळी बाहेर येते.

बोकडाच्या चरबीबद्दल एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी. ती ४५ अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे तोंडातल्या उष्णतेने पूर्ण विरघळत नाही. गरम खायचा लोफ असेल तर उत्तम. गार काप खायचे असतील तर टाळूला मेण लागल्यासारखं वाटतं, तेव्हा ६० पैकी ४० ग्रॅम चरबीच्या जागी तेवढंच लोणी घालावं.

५ जानेवारी, रविवार

मूळ प्रमाण. पुढच्या नोंदींत ‘मूळ’ म्हटलं की हे.

बोकडाचा खिमा ५०० ग्रॅम, चरबी ६० ग्रॅम (खिम्यातच काढलेली)
शिळ्या लादीपावाचा आतला गर ६० ग्रॅम
दूध ५० मिली, पायाचं घट्ट सूप ५० मिली
अंडं १
कांदा १२० ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला. परतायला तेल १५ ग्रॅम
आलं-लसूण वाटण १५ ग्रॅम
कांदा-लसूण चटणी १२ ग्रॅम
मीठ ८ ग्रॅम, म्हणजे सव्वा ते दीड छोटा चमचा
कोथिंबीर १५ ग्रॅम, मिरपूड पाव चमचा

सगळं मिळून साधारण ९०० ग्रॅम होतं. मिठाचा हिशेब चटणीतलं मीठ धरून केला आहे. विकतची चटणी खारट असते, तेव्हा मीठ ७ ग्रॅमवर आणावं.

पायाचं सूप: चार पाये कुकरमध्ये नरम शिजवून, गाळून, पाणी निम्म्याने आटवायचं. फ्रीजमध्ये ठेवल्यावर चमचा उभा राहील इतकं घट्ट झालं पाहिजे. वर जमलेला चरबीचा थर काढून घ्यावा. वासराच्या मांसातून जे जिलेटिन मिळालं असतं ते इथून मिळतं. लोफ गरम असताना ते वितळून कापाला रस देतं, गार झाल्यावर घट्ट होऊन काप धरून ठेवतं. पाये नसतील तर ५० मिली दूधच वाढवावं. लोफ होतो, पण गार कापात फरक कळतो.

क्रम महत्त्वाचा. कांदा तेलात मंद आचेवर ७० ग्रॅमवर येईपर्यंत परतावा, शेवटच्या मिनिटाला आलं-लसूण आणि चटणी घालावी आणि पूर्ण गार करावा. कच्चा कांदा लोफच्या आत पाणी सोडतो आणि त्याच्या भोवती पोकळी होते, काप नेमका तिथे तुटतो. चटणीही कच्ची घातली तर ओव्हनच्या मंद आचेवर तिचा कच्चट वास जात नाही. दुसऱ्या भांड्यात पाव, दूध आणि सूप मिसळून दहा मिनिटं ठेवावं आणि काट्याने गुळगुळीत लगदा करावा. एकही कोरडा तुकडा राहू नये. त्यात अंडं, मीठ, कांदा, कोथिंबीर घालावी. फ्रीजमधून काढलेला गार खिमा सगळ्यात शेवटी.

कच्ची पपई कोणत्याही कृतीत घालू नये. कबाबात ती अर्धा तास लावून लगेच जोराच्या आचेवर भाजतात. लोफ तासभर हळूहळू तापतो, त्या सगळ्या वेळात पपईचा रस तंतू तोडत राहतो आणि शेवटी चमच्याने वाढायचा लगदा उरतो.

८ जानेवारी, बुधवार

मळण्याची तुलना. एकाच खिम्याचे तीन वाटे, तिन्ही बोटांनी कालवलेले: पहिला पाऊण मिनिट, दुसरा दोन मिनिटं, तिसरा मुद्दाम पाच मिनिटं कणकेसारखा तळव्याने.

पहिला कापताना कडेला थोडा सुटला, खाताना मऊ. दुसरा काप स्वच्छ आला, दाताला जेमतेम विरोध. तिसरा बोटाने दाबला तर उसळी मारून परत आला, सॉसेजसारखा एकसंध आणि चिवट, आणि भाजताना लांबीला इतका आखडला की मधे फुगून वरून भेगाळला. कारण मीठ आणि घर्षण. दोन्हींनी मांसातलं मायोसिन हे प्रथिन मोकळं होतं, ते तापल्यावर जाळं विणतं. थोडं हवं, नाहीतर लोफ धरणार नाही. जास्त झालं तर जाळं पाणी पिळून काढतं.

निर्णय: दीड मिनिट, बोटं पसरून. मीठ पावाच्या लगद्यात घालायचं, खिम्याला आदल्या रात्री चोळून ठेवायचं नाही.

चव बघायला मिश्रणाची एक छोटी टिक्की तव्यावर भाजून खावी. मीठ-तिखट याच वेळी दुरुस्त होतं, नंतर नाही.

१२ जानेवारी, रविवार

टिन की मोकळा? मूळ प्रमाणाचे दोन लोफ, एक टिनमध्ये दाबून, दुसरा बटर पेपर लावलेल्या ट्रेवर हाताने घडवलेला, २२ सेंमी लांब, १० रुंद, ५ उंच. ओटीजी १७५ अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड, ट्रे मधल्या खाचेच्या एक खाली.

मोकळा ५० ते ५५ मिनिटांत ७१ अंशांवर आला. टिनमधल्याला सव्वा तास लागला, आणि तो भाजला कमी, स्वतःच्या रसात शिजला जास्त. टिनच्या कडेला सुटलेला रस तिथेच उकळत राहतो, त्यामुळे बाजूंना रंग येत नाही. मोकळ्या लोफला तीन बाजूंनी कवच मिळतं आणि वितळलेली चरबी ट्रेवर वाहून जाते. मधला मार्ग उपयोगी पडतो: टिनला प्लास्टिक कागद लावून मिश्रण दाबून भरायचं, वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मग ट्रेवर उलटं पाडायचं. आकार टिनचा, भाजणं मोकळ्याचं. (कागद ओव्हनमध्ये जाणार नाही हे बघावं.) घडवताना हात पाण्यात बुडवून वरचा भाग गुळगुळीत करावा, प्रत्येक फट पुढे भेग होते.

७१ हा आकडा लाल मांसाच्या खिम्यासाठी. अख्ख्या तुकड्यात जंतू बाहेरच्या पृष्ठभागावर असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळलेले असतात, म्हणून मध्यभागीच हे तापमान यावं लागतं. सुई टोकाकडून आडवी, लोफच्या मध्यापर्यंत घालावी. वरून घातली तर ते भोक रस सुटायला वाट होतं. रंगावर जाऊ नये. कांद्यातल्या आणि इतर भाज्यांतल्या नायट्राइटमुळे पूर्ण शिजलेला लोफही आतून गुलाबी दिसू शकतो.

संध्याकाळी वेळ जास्त का लागतो? व्होल्टेज. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टला १५०० वॅट देणारा ओटीजी २०० व्होल्टला साधारण ११३५ वॅटच देतो, म्हणजे जवळपास चौथाई गेली. अशा वेळी प्रीहीट दहाऐवजी वीस मिनिटं करावं आणि दार उघडून बघण्याचा मोह आवरावा. ओटीजीच्या बटणावरचा आकडाही प्रमाण मानू नये, आतल्या जाळीवर ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर असला की खरा आकडा कळतो.

१५ जानेवारी, बुधवार

किंक्रांत. मटणाच्या दुकानांपुढे सकाळपासून रांगा. अशा दिवशी शिरा काढून दोनदा खिमा काढून द्या असं दुकानदाराला सांगूही नये. मांसाचं काम बंद, फक्त वरचा लेप.

नेहमीचा: टोमॅटो केचप ६० ग्रॅम, किसलेला गूळ २० ग्रॅम, व्हिनेगर १० मिली, चटणी चिमूटभर. गूळ व्हिनेगरमध्ये कोमट करून विरघळवायचा आणि गाळून घ्यायचा, कारण गुळात बहुधा चोयट्या-खडे निघतात. अमेरिकन कृतीतल्या ब्राउन शुगरची जागा गडद गूळ नीट घेतो. पिवळ्या गुळाची चव फिकी पडते.

चिंचेचा: टोमॅटोचा रस ८० मिली, चिंचेचा घट्ट कोळ ३० ग्रॅम, गूळ ३० ग्रॅम, भाजलेल्या जिऱ्याची पूड पाव चमचा. ९० ग्रॅमवर येईपर्यंत आटवायचा. चमच्याच्या पाठीवर बोट ओढलं तर रेघ तशीच राहिली पाहिजे. पातळ लेप खाली ओघळतो आणि ट्रेवर करपतो. बोकडाच्या मांसाला हा लेप केचपपेक्षा जास्त शोभतो. आंबटपणा चरबीला कापतो आणि चटणीतल्या खोबऱ्याशी जुळतो.

दोन हात द्यायचे: पहिला आतलं तापमान ५५-६० असताना, दुसरा शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीपासून लावला तर गूळ काळा पडतो आणि आत कच्चं राहतं. शेवटची तीन-चार मिनिटं फक्त वरचा रॉड, २२० वर, समोर उभं राहून. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी जॅमचा लेप सुचवला जातो. फार गोड, आणि करपायला सगळ्यांत घाई त्याचीच.

१९ जानेवारी, रविवार

पावाच्या जागी काय चालतं. बाकी सगळं मूळ, भाजणं मोकळं.

टोस्टचा चुरा ४५ ग्रॅम: बेकरीचा बिनसाखरेचा टोस्ट घ्यावा, वेलचीचा नको. पाव वाळवूनच तो होत असल्याने पाणी जास्त पितो, तेव्हा दूध ५० च्या जागी ७० मिली. चुरा कोरडाच खिम्यात टाकला तर तो मांसातलं पाणी ओढून घेतो, आधी भिजवला तर बाहेरचं पाणी धरून ठेवतो. हा फरक खाताना सरळ कळतो.

डाळं दळून ४० ग्रॅम: काप फार सुबक, पण पोत शामी कबाबाकडे झुकतो आणि तोंडात थोडा पिठूळ लागतो. उद्या तव्यावर परतायचे काप करायचे असतील तर याच्यासारखं नाही. दूध ८० मिली.

चुरमुरे ३० ग्रॅम, मिक्सरवर दळून: सांगलीत घराघरांत भडंगासाठी असतातच, फक्त बिनमसाल्याचे घ्यावेत. फुललेल्या तांदळाचा स्टार्च आधीच शिजलेला असतो, त्यामुळे पाण्यात लगेच लगदा होतो. पावानंतर पहिली पसंती याला. गव्हाचं चालत नाही त्यांनाही हा लोफ खाता येतो. लेपाच्या केचपचं आणि चटणीचं लेबल मात्र बघून घ्यावं.

ओट्स ५० ग्रॅम: चालतात, चिकट होतात. उकडलेला बटाटा: नको. मिश्रण सैल पडतं आणि ट्रेवर पसरतं. अंडं वगळायचं असेल तर डाळ्याचं पीठ ५५ ग्रॅम करावं आणि लोफ पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावू नये.

२२ जानेवारी, बुधवार

ओव्हनशिवाय, वाफेवर. फिलिपिन्समधला एंबुटिडो हा प्रकार त्यासाठीच सोयीचा आहे: मांसाच्या मिश्रणात बेदाणे, गाजर, चीज आणि मधोमध उकडलेली अंडी, फॉइलमध्ये गुंडाळी करून वाफवायची. मुळात तो पोर्कचा असतो. इथे बोकड आणि चिकनच्या मांडीचा खिमा निम्मा-निम्मा घेतला.

मूळ प्रमाणात बदल: पायाचं सूप वगळायचं, कारण वाफेत पाणी उडून जात नाही. तासगावचे बेदाणे ४० ग्रॅम, गाजर बारीक किसून पिळलेलं ६० ग्रॅम, प्रोसेस्ड चीज ४० ग्रॅम लहान तुकड्यांत. बेदाणे दहा मिनिटं गरम पाण्यात भिजवून कोरडे करून घालावेत. सुके घातले तर ते मिश्रणातलं पाणी पितात आणि भोवतीचं मांस रेताड होतं.

गुंडाळीची जाडी ५ ते ६ सेंमी, त्याहून जास्त नाही. आधी केळीचं पान, विस्तवावरून फिरवून लवचीक केलेलं, आणि त्यावर फॉइल. मिश्रण थेट फॉइलला लागू नये म्हणून पान मधे हवंच. टोकं गोळ्या-चॉकलेटच्या कागदासारखी पिळून घट्ट करावीत, सैल राहिली की आत वाफेचं पाणी शिरतं आणि बाहेरचा थर फुळफुळीत होतो. मोदकपात्रात पाणी उकळल्यावरच गुंडाळ्या ठेवाव्यात. ५० ते ६० मिनिटं. पाणी कमी झालं तर उकळतंच घालावं. मांडीचं चिकन आत असल्याने मध्यभागी ७४ अंश हवेत.

वाफेवरच्या लोफला कवच नसतं, त्याचा रंग फिका, थोडा आजारी दिसतो. म्हणून हा त्याच दिवशी वाढू नये. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून, दीड सेंमीचे काप करून, थोड्या तेलात तव्यावर दोन्ही बाजू लाल कराव्यात. आलेल्या माणसांना ओव्हनचा आहे असंच वाटतं.

२४ जानेवारी, शुक्रवार

कुकर. शिट्टी लावून मुळीच नाही. दाबाखाली आत १२० अंशांच्या आसपास तापमान जातं, बाहेरचा थर पिळवटून निघतो आणि चरबी वेगळी होते. दाब एकदम सोडला तर लोफच्या आतलं पाणी उसळून तो फाटतो. मिठावरचा ‘ओव्हन’ करायचा असेल तर शिट्टी आणि रिंग दोन्ही काढून, तळाला एक किलो जाडं मीठ, वर तिवई, दहा मिनिटं मध्यम आच आणि मग मंद. टिनमधला अर्ध्या प्रमाणाचा लोफ ५० मिनिटांच्या आसपास होतो. कोरडा तापवल्याने बूड वाकू शकतं, तेव्हा जुना, बाद झालेला कुकर घ्यावा. ओटीजी किंवा मोदकपात्र असेल तर या वाटेला जाण्याचं कारण नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

कढईतला, रश्श्यात मुरलेला. इटलीत ‘पोलपेत्तोने’ हा तिकडचा मीटलोफ असा टोमॅटोच्या रसात करतात, इथे कांदा-खोबऱ्याचा रस्सा. सगळ्या प्रकारांत हाच सांगलीच्या ताटात सरळ बसतो.

मूळ प्रमाणाच्या निम्मं, पायाचं सूप न घालता, म्हणजे साधारण ४२५ ग्रॅम मिश्रण. १८ सेंमी लांब, ६ सेंमी जाड गोल रोल. फ्रीजमध्ये पाऊण तास, इथे घाई केली की रोल कढईत मोडतो. वरून गव्हाचं पीठ भुरभुरून, चार चमचे तेलात चारही बाजूंनी दोन-दोन मिनिटं. फिरवताना दोन उलथनी, एक खाली, एक वर. रोल बाजूला काढून त्याच तेलात २० ग्रॅम चटणी आणि ८० ग्रॅम भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, ५०० मिली उकळतं पाणी, मीठ बेताचं. उकळी आली की रोल आत. रस्सा रोलच्या निम्म्या उंचीपर्यंतच असावा.

झाकण ठेवून आच अशी की कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा यावा. खळखळून उकळलं तर रोल हलतो आणि खालून सुटतो. पहिली पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच उलटायचा. ३० ते ३५ मिनिटांत ७१. रोल काढून झाकून ठेवायचा, रस्सा दोन मिनिटं जोरात आटवायचा. पिठामुळे तो आपोआप अंगाबरोबर होतो. दोन सेंमीचे काप ताटात, रस्सा शेजारी, ज्वारीची भाकरी. कापांवर रस्सा आधीच ओतून ठेवू नये, पावाचा अंश तो पिऊन फुगतो.

२ फेब्रुवारी, रविवार

आत अंडी भरलेला. हंगेरीत याला स्टेफानिया म्हणतात, आपल्याकडे नर्गिसी कोफ्त्याचा जवळचा नातेवाईक. कापल्यावर अंडं मांसापासून सुटून बाहेर पडतं ही नेहमीची तक्रार. कारण अंड्याचा ओला, गुळगुळीत पृष्ठभाग. अंडी सोलून, फडक्याने टिपून, मैद्यात घोळवावीत आणि जादा मैदा झटकावा, मग मांस चिकटतं.

अंडी उकळत्या पाण्यात आठ मिनिटंच उकडावीत आणि लगेच गार पाण्यात टाकावीत. पुढे तासभर ओव्हन आहेच. बारा मिनिटं उकडली तर पिवळ्याभोवती हिरवट कडं येतं, पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह यांचा तो संयोग. दोन्ही टोकांचा पांढरा भाग कापून अंडी एकमेकांना चिकटवून ओळीत ठेवली की प्रत्येक कापात पिवळं येतं. मूळ प्रमाणाला तीन अंडी. खाली २ सेंमी, वर तेवढाच थर. वेळ दहा मिनिटांनी वाढते. थर्मामीटर मांसात टोचायचा, अंड्यात नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

बोबोटी. दक्षिण आफ्रिकेतला, केप मलय स्वयंपाकातला प्रकार, हळद, बेदाणे आणि वर अंड्या-दुधाचा थर. साहित्याची यादी वाचली तर सांगलीच्या मार्केट यार्डात फिरल्यासारखं वाटतं.

इथे खिमा आधी शिजवतात, त्यामुळे मळण्याचे नियम लागू नाहीत आणि चरबी वेगळी घालायचीही गरज नाही. कांदा २०० ग्रॅम ३० ग्रॅम तेलात लाल, आलं-लसूण १५ ग्रॅम, हळद एक छोटा चमचा, धने-जिरे पूड दोन, चिमूटभर दालचिनी. ५०० ग्रॅम खिमा घालून गाठी मोडत पाणी आटेपर्यंत परतायचा. पावाचे ६० ग्रॅम तुकडे २५० मिली दुधात भिजवून पिळून घ्यायचे, पिळलेलं दूध ठेवायचं. पाव, गुळांबा ३० ग्रॅम, लिंबाचा रस २० मिली, बेदाणे ४० ग्रॅम, मीठ ७ ग्रॅम आणि एक अंडं खिम्यात मिसळायचं. तिकडे जर्दाळूचा जॅम घालतात, गुळांब्याचा आंबट-गोडपणा त्याच जातीचा आहे. हळदीचा हात सैल सोडू नये, एक चमच्याच्या पुढे कडवटपणा येतो.

२० सेंमीच्या चौकोनी भांड्यात दाबून, १७० अंशांवर वीस मिनिटं. मग उरलेलं दूध २०० मिली करून, दोन अंडी आणि चिमूट मीठ फेटून, गाळून वर ओतायचं, तमालपत्र खोचायचं, पुन्हा २५ मिनिटं. हलवल्यावर मध्यभाग किंचित थरथरला की काढायचं. जास्त ठेवलं तर थर फुटून पाणी सुटतं. बेदाणे वर डोकावत असतील तर ते आत दाबावेत, नाहीतर जळून कडू होतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

नुसतं चिकन. छातीचा खिमा घेतला तर खडूसारखा कोरडा लोफ होतो, मांडीचाच घ्यावा, आणि दुकानात कातडी काढून टाकण्याआधी ५० ग्रॅम बाजूला ठेवायला सांगून ती खिम्यातच काढून घ्यावी. पावाचा गर ७५ ग्रॅम, दूध ६० मिली, सूप ५० मिली, चटणी ८ ग्रॅम. मळणं एक मिनिट पुरे, हे मिश्रण लवकर चिकट होतं. घडवताना हाताला तेल. मध्यभागी ७४ अंश, १८० वर ४५ मिनिटांच्या आसपास. चवीला सौम्य, लहान मुलांना चालणारा. चिंचेचा लेप यावर जड होतो, केचपचा बरा.

९ फेब्रुवारी, रविवार

कापणे आणि साठवण. ओव्हनमधून काढल्यावर पंधरा मिनिटं तसाच, फॉइल सैलसर टाकून. लगेच कापला तर जिलेटिन अजून पातळ असतं आणि रस पाटावर सांडतो. दातेरी पावाची सुरी, करवतीसारखी, वरून दाब न देता. गरम काप दोन सेंमी, गार दीड.

फ्रीजमध्ये तीन दिवस, अख्खा न ठेवता कापून. फ्रीझरमध्ये कापांमध्ये बटर पेपर घालून दोन महिने. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको. एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० वर असतो तेव्हा एकच तास. परत गरम करताना मध्यभाग ७४ अंशांपर्यंत. गोठलेला काप थेट तापल्या तव्यावर टाकू नये, बाहेरून लेप करपतो आणि आत बर्फ राहतो. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावा. सकाळी मंद तव्यावर झाकण ठेवून चार मिनिटं, उलटून दोन, शेवटी झाकण काढून कडा कुरकुरीत. पाव त्याच तव्यावरच्या चरबीत शेकायचा, आत खर्डा आणि कच्च्या कांद्याची चकती. केचप इथे नको, लेपात तो आहेच.